चार दरवाजे, एक वही



आपल्या मांजलपुराहून जुन्या बडोदे शहरात गेले की मध्यभागी मांडवीची इमारत लागते. तेथून निघणारे रस्ते लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर व गेंडी या चार दरवाजांकडे जातात. अशी कल्पना करा, की चारही दरवाजांवर निरनिराळ्या मुलखांचे पहारेकरी आहेत आणि प्रत्येकाजवळ आत सोडावयाच्या माणसांची स्वतंत्र यादी आहे. एखादा नोकर काम सोडून गेला, तर त्याचे नाव चारही याद्यांतून खोडले पाहिजे. एका ठिकाणी जरी विसर पडला, तरी बाकीचे तिन्ही पहारे व्यर्थ होत!

मोठ्या कंपन्यांपुढे हीच अडचण उभी राहिली. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटची सेवा विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. त्या काळी संगणकाच्या खुणांचे ध्वनीत रूपांतर करणारे मोडेम नावाचे यंत्र टेलिफोनच्या तारेला जोडीत. परगावी असलेला कर्मचारीही असाच फोन लावून कचेरीच्या संगणकात प्रवेश करी. परंतु कचेरीत तो फोन घेणारी यंत्रे मात्र अनेकदा वेगवेगळ्या कारखान्यांची असत.

यावर अमेरिकेतील लिव्हिंग्स्टन कंपनीने १९९१ साली ‘रेडियस’ ही पद्धत काढली. तिचे तत्त्व सोपे आहे. दरवाजावरील यंत्राने स्वतः निर्णय करावयाचा नाही. मांडवीत ठेवलेल्या एकाच वहीला विचारावयाचे. आलेला मनुष्य कोण, त्याला कोठवर मुभा आहे आणि तो किती वेळ आत होता, या तिन्ही गोष्टींची नोंद तेथेच राहते. यंत्र कोणाचेही असो, विचारण्याची भाषा एकच.

दुसरे पथ्य असे, की परवलीचा शब्द वाटेवर उच्चारू नये. ‘चॅप’ नावाच्या रीतीत यंत्र प्रत्येक वेळी नवा आकडा देते. तो आकडा व आपला गुप्त शब्द यांवर ठराविक गणिती क्रिया करून केवळ उत्तर धाडावयाचे. चोराने कालचे उत्तर ऐकले, तरी आज ते निरुपयोगी ठरते.

अर्थात वहीच नादुरुस्त झाली तर चारही दरवाजे अडतात. म्हणून तिची दुसरी प्रत तयार ठेवावी लागते. शिवाय जुनी कुलुपे तपासावी लागतात. जुलै २०२४ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले, की रेडियसमधील दरवाजा व वही यांच्यामधल्या निरोपातही लबाडी करता येते. तेव्हा तो निरोपही सुरक्षित वाटेनेच नेला पाहिजे.

मोडेमचा तो किरकिराट आता क्वचितच ऐकू येतो. परंतु विद्यापीठांतील व कचेऱ्यांतील बिनतारी जोडणीमागे हीच पद्धत आजही राबत आहे. ज्याचे काम संपले, त्याची किल्ली त्याच दिवशी परत घ्यावी. यात अविश्वास नाही. ही शिस्त होय.