पुरळ उठण्याआधीचे चार दिवस

घरातल्या लेकराला ताप आला, डोळे लाल झाले, नाक गळू लागले, की आपण म्हणतो, "सर्दी आहे, दोन दिवसांत जाईल." मूल शाळेत जाते, शेजारी खेळते, आईच्या कडेवर बसून रविवारी मिस्सालाही येते. तीन-चार दिवसांनी कानामागे व तोंडावर बारीक लाल पुरळ दिसू लागते. मग आजी म्हणते, "अगं, हा तर गोवर!" दाराला कडुलिंबाचा डहाळा लागतो आणि मुलाला वेगळे निजवले जाते.

वेगळे निजवणे योग्यच आहे. पण तोवर उशीर झालेला असतो. गोवराचा रोगी पुरळ उठण्याच्या सुमारे चार दिवस आधीपासून पुरळ उठल्यानंतर चार दिवसांपर्यंत इतरांना रोग देऊ शकतो. म्हणजे निम्मा काळ असा, की रोग कोणता हे घरच्यांनाही ठाऊक नसते. आजच्या पाठात एवढीच एक गोष्ट नीट समजून घ्यावयाची आहे.

रोग कसा पसरतो?

गोवर विषाणूमुळे होतो. रोगी खोकला, शिंकला वा बोलला, की त्याच्या तोंडानाकातून उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांबरोबर हा विषाणू हवेत जातो. रोगी खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तो तेथील हवेत टिकू शकतो. म्हणून रोग्याला हात न लावणाऱ्यालाही गोवर होतो. ज्यांच्या अंगी प्रतिकारशक्ती नाही अशी दहा माणसे रोग्याच्या निकट आली, तर त्यांतील नऊ जणांना रोग जडू शकतो.

याचा चांगला पुरावा १८४६ साली मिळाला. डेन्मार्कच्या अमलाखालील फॅरो बेटांवर कोपनहेगनहून आलेल्या एका सुताराबरोबर गोवर पोहोचला. बेटांची वस्ती सुमारे ७,८०० होती. काही महिन्यांत त्यांतील सहा हजारांवर माणसे आजारी पडली. तेथे पाठविलेल्या पीटर पानुम या तरुण डॉक्टराने गावोगाव फिरून तारखा लिहून काढल्या. रोग्याशी संबंध आल्यापासून अंगावर पुरळ उठेपर्यंत तेरा-चौदा दिवस जातात, असे त्याला आढळले. दुसरी गोष्ट अशी, की १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर येऊन गेला होता ते म्हातारे या खेपेस वाचले. शरीर या रोगाची ओळख जन्मभर विसरत नाही. लस हीच ओळख रोगाचा त्रास न होऊ देता करून देते.

देवी गेल्या, गोवर का राहिला?

देवीचा रोगही पुरळाचाच; पण तो मुख्यतः ताप व पुरळ आल्यावर पसरत असे, आणि तोपर्यंत रोगी अंथरुणाला खिळलेला असे. त्यामुळे घरोघर फिरून रोगी शोधणे आणि त्याच्या भोवतालच्या माणसांना लस टोचणे, या उपायाला यश आले. मे १९७५ मध्ये भारतातील शेवटचा रोगी आढळला आणि ८ मे १९८० रोजी जगातून देवी नाहीशा झाल्याचे जाहीर झाले. गोवराच्या बाबतीत रोगी ओळखून कुंपण घालावे, तोवर रोग कुंपणाबाहेर गेलेला असतो. म्हणून येथे कुंपण आधीच हवे, आणि ते लसीचेच.

याच्या जवळचे इतर रोग

कांजिण्या: यांत पाण्याने भरलेले फोड येतात. फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत हा रोग हवेतून व फोडांतील पाण्यातून पसरतो. रोगी बरा झाला तरी विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि उतारवयात नागीण होऊन वर येतो. नागिणीचे तोंड व शेपूट जुळले की माणूस दगावतो, ही समजूत निराधार आहे. मात्र नागिणीच्या ओल्या फोडांमुळे कांजिण्या न झालेल्या मुलाला कांजिण्या होऊ शकतात. म्हणून ते झाकून ठेवावेत. नागीण डोळ्याजवळ आली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे.

रुबेला: याला जर्मन गोवरही म्हणतात. मुलांना तो सौम्य असतो; पण गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईला झाल्यास बाळाला मोतीबिंदू, बहिरेपणा वा हृदयाचा दोष येऊ शकतो. ही गोष्ट ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली दाखवून दिली. हा रोगही पुरळाच्या आठवडाभर आधीपासून पसरू शकतो.

आपण काय करावे?

१. गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यावा. सरकारी केंद्रात ही लस मोफत मिळते. पहिल्या डोसाने काही मुलांत पुरेशी शक्ती येत नाही, म्हणून दुसरा चुकवू नये. फेब्रुवारी २०१७ मध्ये गोवा व कर्नाटकासह पाच ठिकाणी या लसीची मोहीम सुरू झाली. तरीही २०२२ साली मुंबईत गोवंडी भागात गोवराने मुले दगावली. डोस राहिला असेल तर "आता वय गेले" म्हणून गप्प बसू नये; आरोग्यसेविकेला विचारावे.

२. वस्तीत गोवर असताना ताप, खोकला व लाल डोळे असलेल्या मुलाला पुरळाची वाट न पाहता घरीच ठेवावे. आजारी मुलाची शुश्रूषा करणाऱ्या आईने रविवारी मिस्सा चुकली म्हणून मनाला लावून घेऊ नये. त्या दिवशी मुलाजवळ राहणे हेच तिचे कर्तव्य आहे.

३. "एकाचा झाला, धाकट्याचाही उरकून जाऊ दे," असे म्हणून मुलांना एकत्र निजवू नये. गोवरानंतर फुप्फुसाचा दाह, अतिसार, कानातून पू, क्वचित मेंदूचा दाह होतो; डोळेही जातात. तान्ह्याला धोका अधिक.

४. औषध दिल्याने "गोवर आत जातो" हे खरे नाही. दूध, पेज, भात, वरण, फळे द्यावीत. अंगावरचे दूध तोडू नये. कोमट पाण्याने अंग पुसावे. गोवर झालेल्या मुलाला डॉक्टर वयानुसार 'अ' जीवनसत्त्वाचा डोस लागोपाठ दोन दिवस देतात. तो मागून घ्यावा. तापासाठी मुलांना ॲस्पिरिन देऊ नये.

५. धाप लागणे, झटके येणे, ग्लानी, पाणीही न पिणे, बुबुळ धुरकट दिसणे, यांपैकी काहीही दिसले तर रात्र न काढता दवाखाना गाठावा.

कडुलिंबाचा डहाळा शेजाऱ्यांना सावध करतो, पण मागच्या चार दिवसांत जे घडून गेले ते तो परत आणू शकत नाही. ते काम नवव्या महिन्यात टोचलेली सुई करते.

घरी विचारण्यासारखे प्रश्न

आपल्या घरातील प्रत्येक मुलाचे दोन्ही डोस झाले आहेत काय? लसीकरणाचे कार्ड कोठे ठेवले आहे? शेजारी ऊसतोडीला वा बांधकामाला आलेल्या कुटुंबातील मुलांची चौकशी कोणी केली आहे काय?