दोन कार्यप्रणालींचा संगणक सुरू न झाल्यास काय करावे

शाळा, ग्रामपंचायत, वाचनालय, सहकारी संस्था अशा ठिकाणी संगणक ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. विद्यार्थ्यांची पटनोंदणी, परीक्षांचे गुण, सभासदांची खाती, पुस्तकांची सूची हे सर्व त्यातच साठविलेले असते. यांपैकी काही संगणकांवर दोन कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टीम, शेजारी शेजारी बसविलेल्या असतात. एक विंडोज आणि दुसरी विनामूल्य मिळणारी लिनक्स. उबुंटू, मिंट आणि सी-डॅक या संस्थेने २००७ मध्ये प्रथम आणलेली बॉस ही लिनक्सचीच रूपे होत. विंडोज १० ला मिळणारा सर्वसाधारण विनामूल्य सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या यंत्रांपैकी पुष्कळांवर विंडोज ११ रीतसर बसत नाही. त्यामुळे जुन्या संगणकास लिनक्सची जोड देण्याचे कारण आता अधिकच वाढले आहे.

ही व्यवस्था सोयीची खरी; परंतु तीत एक जागा नाजूक असते. समजा, एका माध्यमिक शाळेत पूर्वपरीक्षेचे गुण लिनक्समध्ये भरून ठेवलेले आहेत. सुटीत कोणीतरी विंडोज नव्याने बसविली. सोमवारी सकाळी संगणक सुरू करताच तो थेट विंडोजमध्ये गेला. दोहोंपैकी एक निवडण्याची नेहमीची यादी दिसलीच नाही, आणि गुणांचा कोठे मागमूसही नाही. अशा वेळी घाबरून जाऊन ‘सर्व पुसून नव्याने बसवा’ असा निर्णय घेतला जातो, आणि जे गेलेले नव्हते ते त्या निर्णयामुळे जाते. म्हणून मूळ बिघाड कोणता व तो कसा ओळखावा, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

संगणक जागा कसा होतो

कळ दाबताच संगणक एकदम विंडोज वा लिनक्स उघडीत नाही. प्रथम मदरबोर्डावरील एका चिपमध्ये कायम ठेवलेला लहानसा कार्यक्रम चालू होतो. जुन्या यंत्रांत त्यास बायोस म्हणतात, नव्या यंत्रांत यूईएफआय. हा कार्यक्रम यंत्राच्या अवयवांची तपासणी करतो आणि नंतर बूटलोडर नावाच्या दुसऱ्या कार्यक्रमाच्या हाती सूत्रे देतो. कोणती कार्यप्रणाली उघडावयाची हे विचारून तिला स्मृतीत आणण्याचे काम बूटलोडर करतो. लिनक्सबरोबर बहुधा ग्रब नावाचा बूटलोडर येतो. त्याचे लेखन १९९५ मध्ये सुरू झाले. तो स्वतःबरोबरच विंडोजचेही नाव यादीत दाखवू शकतो.

जुन्या वाड्याचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. वाड्यात दोन बिऱ्हाडे आहेत, पण दिंडी दरवाजा एकच. देवडीवर बसलेला पहारेकरी आल्यागेल्यास ‘कोणाकडे जावयाचे?’ असे विचारतो व वाट दाखवितो. उद्या एका बिऱ्हाडाने आपला स्वतंत्र पहारेकरी आणून बसविला आणि तो केवळ आपल्याच धन्याची वाट दाखवू लागला, तर दुसरे बिऱ्हाड नाहीसे झाले असे होत नाही. त्याचे सामानसुमान जागच्या जागी असते. फक्त तेथे नेणारा कोणी उरलेला नसतो. बूटलोडरचा बिघाड तो हाच.

हा पहारेकरी कोठे बसतो, हे यंत्राच्या वयावर अवलंबून असते. बायोसच्या पद्धतीत हार्ड डिस्कच्या अगदी आरंभीच्या ५१२ बाइटांच्या जागेत त्याचा पहिला अंश असतो. त्यापैकी ४४६ बाइट कार्यक्रमासाठी, ६४ बाइट डिस्कच्या विभागांच्या कोष्टकासाठी आणि शेवटचे २ बाइट खुणेसाठी असतात. एवढ्या जागेत संपूर्ण ग्रब मावत नाही. म्हणून त्याच्या उरलेल्या फाइली लिनक्सच्या विभागात असतात. यूईएफआयच्या पद्धतीत डिस्कवर एक लहान स्वतंत्र विभाग राखलेला असतो. त्यात प्रत्येक कार्यप्रणालीचा बूटलोडर आपापल्या फोल्डरात राहतो, आणि त्यांपैकी प्रथम कोणास बोलवावे याचा क्रम मदरबोर्डावर नोंदविलेला असतो.

लक्षणावरून निदान

दुरुस्तीस हात घालण्यापूर्वी पडद्यावर काय दिसते ते शब्दशः लिहून घ्यावे. निम्मे निदान तेथेच होते.

१. संगणक थेट विंडोजमध्ये जातो, यादी येत नाही. यूईएफआय यंत्रात बहुधा क्रम बदललेला असतो. जुन्या यंत्रात पहिल्या ५१२ बाइटांतील ग्रबच्या जागी विंडोजचा कार्यक्रम लिहिला गेलेला असतो.

२. काळ्या पडद्यावर ‘ग्रब रेस्क्यू’ अशी अक्षरे येतात. पहारेकऱ्याचा पहिला अंश जागेवर आहे, पण उरलेल्या फाइली त्यास सापडत नाहीत. एखादा विभाग काढून टाकल्याने, हलविल्याने किंवा विभागांचे क्रमांक बदलल्याने असे होते.

३. ग्रबची यादी येते, पण तीत विंडोजचे नाव नसते. २०२१ मध्ये निघालेल्या ग्रबच्या २.०६ या आवृत्तीपासून इतर कार्यप्रणालींचा आपोआप शोध घेणे मुळातच बंद ठेवलेले आहे. येथे बिघाड असा नसतोच. शोध घेण्याची अनुमती द्यावयाची असते.

४. डिस्कच सापडत नाही असा संदेश येतो आणि बायोस वा यूईएफआयच्या पडद्यावरही डिस्कचे नाव दिसत नाही. हा बूटलोडरचा दोष नव्हे. केबल सैल झाली असेल किंवा डिस्क निकामी होत असेल. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असल्यास संगणक पुन्हा पुन्हा सुरू करून पाहू नये. तो बंद करून जाणकाराकडे न्यावा.

प्रथम माहितीची प्रत

पहिल्या तिन्ही प्रकारांत माहिती बहुधा सुरक्षित असते. तरीही दुरुस्तीपूर्वी तिची प्रत काढणे हा नियमच समजावा. दुसऱ्या एखाद्या संगणकावर लिनक्सचा पेन ड्राइव्ह तयार करून घ्यावा. बंद पडलेला संगणक सुरू करताना यंत्राच्या बनावटीप्रमाणे एफ-१२, एफ-२, एस्केप किंवा डिलीट ही कळ दाबली असता कोठून सुरुवात करावी हे निवडता येते. तेथे पेन ड्राइव्ह निवडावा आणि लिनक्स डिस्कवर न बसविता केवळ चालवून पाहण्याचा पर्याय घ्यावा. आता हार्ड डिस्कचे विभाग उघडून आवश्यक फाइली दुसऱ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेता येतात. विंडोजचा विभाग कुलूपबंद, म्हणजे बिटलॉकरने सांकेतिक केलेला असल्यास मात्र तो किल्लीवाचून उघडणार नाही.

याच ठिकाणी एक धोका सांगितला पाहिजे. लिनक्सचा विभाग विंडोजला सामान्यतः वाचता येत नाही. त्यामुळे तो रिकामा किंवा अनोळखी म्हणून दाखविला जातो आणि क्वचित ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावयाचे काय?’ असे विचारलेही जाते. त्यास होकार देऊ नये. वरील शाळेचे गुण नेमके त्याच ‘अनोळखी’ विभागात आहेत.

दुरुस्तीची रीत

पहिल्या प्रकारात यंत्र यूईएफआयचे असल्यास वरीलप्रमाणे कळ दाबून सेटिंगच्या पडद्यावर जावे. तेथील क्रमात उबुंटू किंवा अन्य लिनक्सचे नाव विंडोज बूट मॅनेजरच्या खाली गेलेले आढळेल. ते वर आणून बदल जतन करावा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते. आपल्या उदाहरणातील शाळेचा प्रश्न बहुधा येथेच मिटेल. एकही फाइल न हलता गुण पूर्ववत् दिसू लागतील.

नावच नसेल, किंवा यंत्र जुने असेल, तर पेन ड्राइव्हवरील लिनक्समधून ग्रब पुन्हा बसवावा लागतो. त्यासाठी लिनक्सचा मूळ विभाग, आणि यूईएफआय यंत्रात तो लहान राखीव विभागही, जोडून घेऊन ‘ग्रब-इन्स्टॉल’ ही आज्ञा द्यावयाची असते. त्यानंतर ‘अपडेट-ग्रब’ या आज्ञेने यादी नव्याने तयार होते. संगणकावर या आज्ञा रोमन अक्षरांतच लिहाव्या लागतात. येथे दोन चुका नेहमी होतात. एक, मूळ लिनक्स यूईएफआय पद्धतीने बसविलेली असता पेन ड्राइव्ह जुन्या पद्धतीने सुरू केला जातो, आणि दुरुस्ती लागू पडत नाही. दोन, जुन्या यंत्रात ग्रब संपूर्ण डिस्कच्या आरंभी बसविण्याऐवजी चुकून एखाद्या विभागावर बसविला जातो.

दुसऱ्या प्रकारात ‘एल-एस’ या आज्ञेने विभागांची नावे मिळतात. एकेक विभाग तपासून ग्रबचा फोल्डर कोणात आहे ते शोधावे. काही विभागांवर ‘फाइलव्यवस्था अनोळखी’ असे उत्तर येईल. त्याने घाबरू नये. योग्य विभाग सापडल्यावर त्याचा पत्ता ‘रूट’ व ‘प्रीफिक्स’ या नावांनी नोंदवून ‘नॉर्मल’ हा भाग उघडला की यादी दिसते. हा उपाय त्या वेळेपुरता असतो. लिनक्स सुरू होताच वरील दोन आज्ञा दिल्या नाहीत, तर पुढच्या वेळी तोच काळा पडदा पुन्हा येईल.

तिसऱ्या प्रकारात ग्रबच्या सेटिंगच्या फाइलीत इतर प्रणालींच्या शोधावरील बंदी उठवून ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा द्यावी. विंडोजचे नाव यादीत येईल.

ऑगस्ट २०२४ मधील प्रसंग

चूक नेहमी वापरणाऱ्याचीच असते असे नाही. १३ ऑगस्ट २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजसाठी दिलेल्या सुरक्षा-अद्यतनानंतर दोन कार्यप्रणालींच्या काही संगणकांवर लिनक्स उघडेनाशी झाली, आणि सुरक्षा-धोरणाचा भंग झाल्याचा संदेश येऊ लागला. सिक्युअर बूट ही व्यवस्था केवळ मान्यताप्राप्त बूटलोडरलाच आत सोडते. ग्रबच्या जुन्या आवृत्त्यांतील एका उणिवेमुळे त्यांची मान्यता या अद्यतनाने काढून घेतली. दोन प्रणाली असलेल्या यंत्रांना ते लागू होणार नाही असा हेतू होता. परंतु काही यंत्रांवर दुसरी प्रणाली ओळखली गेली नाही. येथेही माहितीस धक्का लागलेला नव्हता. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून, लिनक्समध्ये जाऊन ते नवे धोरण काढून टाकल्यावर आणि लिनक्स अद्ययावत केल्यावर संगणक पूर्ववत् चालू शकत होते.

सिक्युअर बूट बंद करण्यापूर्वी मात्र विंडोजचा विभाग बिटलॉकरने कुलूपबंद आहे काय, हे पाहून घ्यावे. असल्यास पुढच्या वेळी ४८ अंकी किल्ली मागितली जाण्याचा संभव असतो. ती हाताशी नसेल, तर लिनक्स मिळवण्याच्या नादात विंडोजमधील माहितीला मुकावे लागेल.

आधीच घ्यावयाची काळजी

दोन्ही प्रणाली नव्याने बसवावयाच्या असतील तर विंडोज आधी व लिनक्स नंतर बसवावी. विंडोजमधील फास्ट स्टार्टअप बंद ठेवावे. अन्यथा विंडोज पुरती बंद न होता अर्धवट निद्रिस्त राहते आणि लिनक्सला तिच्या विभागात लिहिता येत नाही. विभागांची फेरमांडणी माहितीची प्रत काढल्यावाचून कधीही करू नये.

शेवटी, प्रत्येक संगणकाशेजारी एक साधी वही असावी. यंत्र बायोसचे की यूईएफआयचे, कोणता विभाग कोणाचा, सुरू करताना कोणती कळ दाबावयाची, प्रत शेवटी कोणत्या तारखेस काढली आणि दुरुस्तीचा पेन ड्राइव्ह कोणत्या कपाटात आहे, एवढ्या नोंदी तीत पुरेत. बिटलॉकरची किल्ली निराळ्या कागदावर लिहून कार्यालयप्रमुखांच्या कुलपात ठेवावी. ज्या दिवशी पडदा काळा होईल, त्या दिवशी वहीची ती दोन पाने आणि ‘आधी प्रत, मग दुरुस्ती’ हा क्रम, एवढ्यावरच वर्षानुवर्षांच्या नोंदी वाचतील.