थर्माकोलऐवजी कडब्याची धाटं

प्रश्न : विज्ञान प्रदर्शनासाठी मुलं थर्माकोलच आणतात. पर्याय काय? – शिक्षिका, हर्सूल

उत्तर : बाई, सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. तो कुजत नाही, नुसता चुरा होत राहतो. आपल्याकडे ज्वारीचा कडबा आहे! वाळलेल्या धाटाची साल सोला. आतला पांढरा गाभा थर्माकोलसारखा हलका. सालीच्या काड्या टोचल्या की तुकडे डिंकाशिवाय जोडले जातात. मराठवाड्यातल्या पोरांनी अशाच बैलगाड्या केल्या. साल मात्र बोट कापते, म्हणून लहानांना सोललेलंच द्या. ओलसर धाट नको, बुरशी येते. प्रतिकृतीच्या तळाला खोक्याचे दोन पुठ्ठे, एकाच्या आतल्या नळ्या आडव्या तर दुसऱ्याच्या उभ्या ठेवून, खळीने चिकटवा. स्नेहसंमेलनात जेवायलाही थर्माकोलच्या ताटल्यांऐवजी पळसाच्या पत्रावळी घ्या. चकचकीत कागदी प्लेटांवर बहुधा प्लास्टिकचा थर असतो.