सराटा आणि त्याचा नामबंधू

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या बंगळूरच्या आसपास कोरडे, खडकाळ माळ आहेत. पाऊस पडताच अशा जागी एक वर्षायू वनस्पती जमिनीसरपट पसरते. मराठीत तिला सराटा किंवा लहान गोखरू आणि कन्नडमध्ये नेग्गिलु म्हणतात. राजस्थानच्या वाळवंटातही ती उगवते. ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस हे तिचे शास्त्रीय नाव लिनीअसने १७५३ साली दिले.

काष्ठौषधींच्या बाजारात मात्र ‘गोखरू’ या नावाने आणखी एका वनस्पतीची फळे विकली जातात. ती म्हणजे मोठे गोखरू, अर्थात पेडॅलियम म्यूरेक्स. कन्नडमध्ये तिला आने नेग्गिलु, म्हणजे ‘हत्ती-सराटा’ म्हणतात. नाव सारखे असले तरी या दोघींचे नाते जवळचे नाही. मोठे गोखरू तिळाच्या कुलातले आहे. म्हणून केवळ नावावर विसंबणे योग्य नाही.

प्रथम पान पाहावे. सराट्याचे पान हरभऱ्याच्या पानाप्रमाणे अनेक लहान दलांचे बनलेले असते. परंतु हरभऱ्याची पाने एकाआड एक येतात, तर सराट्याची समोरासमोर येतात व त्या जोडीतील एक बहुधा आखूड असते. मोठ्या गोखरूचे पान साधे, मांसल व दातेरी असते. नंतर फूल पाहावे. दोन्ही फुले पिवळीच. पण सराट्याच्या पाच पाकळ्या सुट्या असतात, तर मोठ्या गोखरूच्या पाकळ्या जुळून नळी झालेली असते.

वाळलेले फळ हाती आल्यास निर्णय अधिक सोपा होतो. सराट्याचे फळ पिकल्यावर पाच काटेरी भागांत फुटते. मोठ्या गोखरूचे फळ चौकोनी असून त्याच्या चारही कडांवर एकेक काटा असतो, आणि ते फुटत नाही. त्याची ताजी डहाळी पाण्यात ढवळल्यास पाणी बुळबुळीत होते.

ही ओळख वैद्याइतकीच मेंढपाळालाही उपयोगी आहे. आयुर्वेदातील दशमुळांत लहान गोखरूची गणना होते. उलट, हाच सराटा मेंढ्यांनी फार खाल्ला, तर काही वेळा त्यांचे यकृत बिघडते आणि उन्हाने तोंड सुजते. दक्षिण आफ्रिकेत या रोगाला ‘पिवळे जाड डोके’ अशा अर्थाचे नाव आहे. म्हणून कळप माळावर सोडण्यापूर्वी पायाखालचे पान नीट पाहून घ्यावे.