वाचा गेली तरी संवाद राहतो

ए.एल.एस. या आजारात स्नायूंना हालचालीचा आदेश देणाऱ्या चेतापेशी नष्ट होत जातात. हातपाय, वाचा, गिळणे व श्वसन दुबळे होते. पण स्पर्श कळतो आणि अनेकांची बुद्धी शाबूत राहते. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना हा आजार १९६३ साली, २१व्या वर्षी कळला. १९८५ मध्ये गळ्यावरील शस्त्रक्रियेने त्यांचा आवाज गेला. तेव्हा कोणी तक्त्यावरील अक्षरे दाखवी व योग्य अक्षर येताच ते भुवई उंचावत. विद्यार्थी मित्रांनो, असा बाराखडीचा तक्ता आपणही पुठ्ठ्यावर करू शकतो. घास मऊ द्यावा, कूस वेळोवेळी बदलावी, श्वासाचा त्रास डॉक्टरांना लगेच सांगावा. पण आधी रुग्णाला विचारावे. त्याच्यादेखत परस्पर निर्णय घेणे ही सेवा नव्हे, असे आम्हांस वाटते.