पॉवर बँक : एका स्वस्त वस्तूचा चार वर्षांचा हिशेब

धानोऱ्यास आमच्याकडे पावसाळ्यात वीज गेली की केव्हा येईल याचा नेम नसतो. म्हणून कॉलेजात प्रवेश घेतला त्या वर्षी मी एक स्वस्त पॉवर बँक घेतली. तिच्यावर १०,००० मिलिअँपिअर-तास असा आकडा होता. फोनची बॅटरी ५,००० ची. फोन दोनदा भरेल अशी माझी समजूत; प्रत्यक्षात दीड वेळाही भरेना. दुकानदाराने फसविले असेच वाटले.

पुढे हिशेब मांडला. तो आकडा आतील लिथियम-आयन घटाच्या ३.७ व्होल्ट दाबाचा असतो. म्हणजे ऊर्जा ३७ वॅट-तास. बाहेर मात्र ५ व्होल्ट द्यावे लागतात. ३७ ला ५ ने भागले की ७,४०० मिलिअँपिअर-तासच उरतात. शिवाय दाब वाढविताना येथे व तो उतरविताना फोनमध्ये, दोन्हीकडे काही ऊर्जा उष्णता होऊन जाते. दुकानदार निर्दोष ठरला!

चूक माझीच पुढे घडली. दोन उन्हाळे मी ती पूर्ण भरून पत्र्याखालच्या फळीवर ठेवली. उष्णता आणि सतत पूर्ण भार, दोन्हींनी घट लवकर म्हातारा होतो. वडील दवाखान्यात होते त्या रात्री गावात वीज नव्हती आणि पॉवर बँक अर्ध्यातच संपली. पहाटेपर्यंत निरोप कळला नाही.

तात्पर्य, ती सावलीत ठेवावी. बरेच दिवस लागणार नसेल तर अर्धी भरून ठेवावी. फुगली तर तत्काळ वापर थांबवावा. आणि अडचणीच्या रात्रीपूर्वीच ती एकदा पारखून पाहावी.