मुलाचे व्यसन : पाला नव्हे, मूळ तपासा



ऊस पिवळा पडला की आपण युरियाची पोती मोकळी करतो. पण मुळाशी हुमणी असेल तर खत वाया जाते आणि बेट सहज उपटून हातात येते. शाळा-कॉलेजातल्या पोरांच्या व्यसनाचेही तसेच आहे. म्हणून या अंकात पिकाऐवजी पोरांविषयी लिहीत आहोत.

वाघोली 2021 साली पुणे महापालिकेत आली. शहर दारात आले, तशी नशाही आली. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या, 2019 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हुंगण्याच्या नशेचे प्रमाण मोठ्यांत 0.58 टक्के, तर 10 ते 17 वयाच्या मुलांत 1.17 टक्के, म्हणजे दुप्पट आढळले. थिनर, पंक्चरचे सोल्यूशन ही त्यांची नशा. स्वस्त, आणि कुणाला संशय येत नाही.

आपण म्हणतो, "संगत वाईट." ते अर्धेच खरे. मनाचा त्रास, नशा आणि चोरी-मारामारी हे बहुधा एकाच बेटाचे फुटवे असतात. नापासी, घरातली भांडणे, मारझोड यांनी मन खचते. घटकाभर बरे वाटावे म्हणून पोरगा नशा करतो. नशेला पैसा लागतो, म्हणून चोरी होते. सापडला की मार आणि बदनामी, मन आणखी खचते. कधी सुरुवात गंमत म्हणून होते आणि उदासी मागून येते. प्रत्येक दुःखी मूल व्यसनी होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

लक्षणे : झोप बिघडणे, जुने मित्र तुटणे, शाळा बुडवणे, कपड्यांना रसायनाचा वास, घरातले पैसे कमी होणे.

उपाय :

1. मारू नका, कोंडू नका. एकांतात "तुला काय होतंय?" एवढेच विचारा आणि ऐका.

2. मानसोपचार डॉक्टरांना दाखवा. व्यसनासाठी 14446 आणि मनाच्या त्रासासाठी 14416 या सरकारी क्रमांकांवर फुकट सल्ला मिळतो.

3. येरवड्याचे मुक्तांगण जवळच आहे. गर्दचा फैलाव पाहून डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने ते 1986 साली सुरू केले. तिथे सल्ला घ्यायला लाजू नये.

4. मुलाला नशेची वस्तू देणाऱ्यास 2015 च्या बाल न्याय कायद्याने 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. तक्रार त्याची करा.

5. पोर मरणाची भाषा बोलले तर एकटे सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. फवारणीची औषधे आजपासूनच कुलपात ठेवा.

— ऊस विकास अधिकारी